रणपिसे सर बाहेर थांबले

रणपिसे सर मीटिंगला कधी बसले नाहीत. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी दाराशी उभे. बर्मिंगहॅमच्या आमच्या हॉस्पिटलात रोज सकाळी आठला ट्रॉमा मीटिंग असते. आदल्या दिवशी जे कोणी पडले, आपटले, हाड मोडून आले, त्यांचे एक्स-रे भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावतात आणि कोणाचं ऑपरेशन आज, कोणतं, कोण करणार हे तिथं ठरतं. या सगळ्यांची यादी करायची, ऑपरेशन थिएटर मिळवायचं, लागेल ते सामान कंपनीकडून मागवायचं हे माझं काम. ट्रॉमा कोऑर्डिनेटर म्हणतात मला. नाव मोठं, काम दिवसभर फोनवर भांडायचं. ते मला बरं जमतं. माझं तोंड तसं फटकळच आहे, आमच्या सासूबाईंना विचारा.

सर दिसायला कोणाच्या लक्षात राहतील असे नव्हते. बुटके, काटकुळे, करडा स्वेटर, त्यावर टाय. टाय हल्ली इथं कोणी लावत नाही, जंतू लागतात म्हणून. सरांचा मात्र शर्टाच्या दोन बटणांमध्ये खोचलेला असे, म्हणजे कोणाला लागायला नको. मराठवाड्यातून आले, परीक्षा दिल्या, असोसिएट स्पेशालिस्ट नावाच्या पायरीपर्यंत चढले आणि निवृत्तीला आले तरी तिथंच होते. कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचे सर्जन, काही झाले नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक कन्सल्टंट होऊन आता त्यांना 'सिद्धार्थ' म्हणून हाक मारत. इथं सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. मी एकटीच त्यांना सर म्हणे, आणि ते मला वैशालीताई म्हणत, मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असून.

मीटिंगमध्ये ते तोंड उघडत ते बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या एक्स-रेवर. गुडघा बदललेली म्हातारी माणसं पडली की पुष्कळदा मांडीचं हाड त्या नव्या गुडघ्याच्या जरा वर मोडतं. खाली धातू, वर वयानं पोकळ झालेलं हाड, आणि स्क्रू धरायला मध्ये जेमतेम चार बोटांची जागा. तिथं मांडीच्या बाहेरच्या बाजूनं एक लांब प्लेट ठेवतात आणि ती स्क्रूंनी हाडाला आवळतात. असा एक्स-रे लागला की सर दारापासून निघत, स्क्रीनवर बोटं आडवी ठेवून जागा मोजत, परत दाराशी येत आणि विचारत, "घरी कोण असतं यांच्या? जिना आहे? टॉयलेट वर आहे की खाली?" हाडांच्या मीटिंगमध्ये टॉयलेटची चौकशी. लोक घड्याळाकडे बघायला लागत.

मीटिंग संपली की छापील याद्या गोळा करून नष्ट करायला द्यायच्या असतात, पेशंटची नावं असतात ना त्यावर. तेही माझ्याच गळ्यात. सरांच्या यादीवर कधीकधी एखाद्या नावापुढं पेन्सिलीनं, मराठीत, एक महिना लिहिलेला असे. 'जानेवारी.' किंवा 'मे.' बाकी काही नाही. मला वाटलं, सुट्टीबिट्टीचं असेल.

मग मिसेस पार्सन्स आल्या. शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम केलेल्या बाई, मोठ्या गप्पिष्ट. ऑगस्टमध्ये त्यांच्या मांडीला प्लेट बसवली होती. आमच्याच एका सर्जननं, व्यवस्थित. नोव्हेंबरात एका सकाळी त्यांचं नाव पुन्हा माझ्या यादीत आलं. स्क्रीनवर बघते तर प्लेट मधोमध तुटलेली, सरळ दोन तुकडे. पडल्या नव्हत्या, कुठं आपटल्या नव्हत्या. कमोडवरून उठताना तुटली. आणि मला ऑगस्टमधली सरांची यादी आठवली. या बाईंच्या नावापुढं मराठीत 'नोव्हेंबर' लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं.

कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. "सर, तुम्ही महिना लिहिला होता."

ते ओशाळले. "वाचलंत होय तुम्ही. मला वाटलं इथं मराठी कोण वाचणार."

"मग तेव्हाच बोलायचं ना."

"बोललो होतो. ऑगस्टमध्ये. तुम्ही फोनवर भांडत होता." मग चालता चालता म्हणाले, "ही शर्यत असते, ताई. हाड जुळेपर्यंत प्लेटनं दम धरायचा. हाड जुळलंच नाही तर ती किती दिवस धरेल? पाऊल टाकलं की जरा वाकते, उचललं की सरळ होते. थकते आणि मग एक दिवस जाते."

"पण त्यांना तर सांगितलं होतं, पायावर वजन टाकू नका म्हणून."

"ऐंशी वर्षांच्या बाईनं एका पायावर उड्या मारत टॉयलेटला जायचं. तुम्ही दाखवा जाऊन." आणि हसले. हसले की सर फार बरे दिसत, पण ते हसणं मला त्या दिवशी सोसलं नाही.

त्यानंतर मी याद्या नष्ट करण्याआधी न चुकता बघू लागले. बघू नये असं दहादा ठरवलं, तरी हात जाई. नाव वाचायचं, महिना वाचायचा, आणि मग तो पेशंट वॉर्डात माझ्याशी हसून बोलला की मला त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नसे. सरांचा अंदाज चुके कधीकधी, नाही असं नाही. चुकला की त्यांच्याइतका आनंद कोणाला होत नसे. पूर्वी ज्यांची प्लेट तुटणार म्हणून लिहिलं होतं ते एक आजोबा क्लिनिकमध्ये काठी टेकत आले तेव्हा सरांनी मला फोन करून खाली बोलावून घेतलं. "बघा, बघा, चालले कसे. मी मूर्ख ठरलो." असं दोनदा म्हणाले.

आता मिस्टर हार्ग्रीव्ह यांच्याबद्दल सांगते. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं तुम्ही सगळं त्यांच्या माथी माराल. चाळिशीचे, उंच, नर्सेसशीसुद्धा नीट बोलणारे, हात अतिशय सफाईचा. त्यांनी बसवलेली प्लेट बघत राहावी. फक्त प्लेटमध्ये एकही भोक रिकामं राहिलेलं त्यांना चालत नसे. जिथं भोक तिथं स्क्रू. रिकामं भोक म्हणजे काम अर्धवट टाकलं असं त्यांना वाटे. चांगल्या घरच्या मुलाला ताटात काही टाकायचं नाही असं शिकवलेलं असतं ना, तसं.

एकदा मीटिंग संपल्यावर सरांनी चेंजिंग रूममधून तारेचे दोन हँगर आणले आणि सरळ करून टेबलावर ठेवले. अनुजा नावाची आमची रजिस्ट्रार आहे, म्हणजे शिकाऊ सर्जन, कन्सल्टंट होण्याआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत. जन्म ईलिंगचा, आईवडील पुण्याचे. मराठी बोलते पण तिची नामं, क्रियापदं सगळी आपापल्या वाटेनं जातात. सरांनी तिला एक तार दिली आणि म्हणाले, "दोन्ही मुठी जवळजवळ धरा, मध्ये बोटभर जागा ठेवा. आता वाकवा, इकडे, तिकडे." तिनं वाकवली. पाचपन्नास वेळा झालं असेल नसेल, तार कडकन तुटली. "आता दुसरी. मुठी लांब लांब धरा. तेवढीच वाकवा." ती नुसती धनुष्यासारखी कमानत राहिली, अनुजाचे हात दुखायला लागले तरी तुटेना.

"तार तीच आहे," सर म्हणाले, "तुम्ही कुठं धरलीत एवढाच फरक. मोडल्या जागेच्या अगदी जवळ स्क्रू दाटीनं भरले की सगळं वाकणं एका भोकावर येतं. शिवाय हाडाला जुळायला किंचित हालचाल लागते. इतकं आवळलं तर त्याला जुळायची आठवणच होत नाही. आणि आतल्या बाजूला बघा, तिथं हाडाचा चुरा झालाय. वजन आतून येतंय, प्लेट बाहेरून लावलीय. आतून टेकू कोणाचा?"

"सो मग काय करायची, सर?" अनुजानं विचारलं.

"लांब प्लेट, मोजके स्क्रू, मोडल्या जागेपासून जरा दूर. आणि हाडाच्या पोकळीत रॉडसुद्धा. दोघांनी मिळून ओझं घ्यायचं. मग दुसऱ्या दिवशी पाय टेकू द्या."

मिस्टर हार्ग्रीव्ह हाताची घडी घालून बघत होते. "सिद्धार्थ आणि त्याचे हँगर," म्हणाले आणि प्रेमानंच हसले. पण एक सांगते, हसत असले तरी सरांनी दाराशी उभं राहून "लांब प्लेट मागवा, रॉड मागवा, एक दिवस थांबा" म्हटलं की निम्म्या वेळा तरी ऐकलं जाई. मी फोन उचले, दुसऱ्या दिवशी कंपनीची पेटी येई, आणि त्या पेशंटच्या नावापुढं सर महिना लिहीत नसत. किती जणांचे पाय त्या दारातून वाचले हे त्या लोकांना कधी कळणार नाही.

सरांच्या घरात तसं कोणी नव्हतं. बायको लवकर गेली, मुलगी मेडनहेडला नोकरीत. पण अक्का होती. मोठी बहीण, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा सर सात वर्षांचे होते, त्यांना अक्कानं वाढवलं. ती आधी इथं आली, नर्स म्हणून. म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात जन्म काढला. तिनं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणे, "हा होता ना एक पोरगा, आणखी कशाला." सर दोन गल्ल्या सोडून राहत आणि रोज ड्यूटीवरून परत जाताना तिच्याकडे दहा मिनिटं थांबत. तेवढ्यात ती त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसे.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम असतो एका शाळेच्या हॉलमध्ये. वंदना, भाषणं, मुलांचे नाच, मग जेवण. मी अक्काला पहिल्यांदा तिथं भेटले. पांढरी साडी, वर जाड कार्डिगन, पायात रनिंगचे बूट. त्याच कार्यक्रमात एक गृहस्थ सरांना बाजूला घेऊन आपल्या वडिलांच्या ऑपरेशनची तारीख जरा आधीची मिळेल का विचारत होते. सरांनी हात जोडले. "यादीत नाव आहे ना? मग येईल नंबर." गृहस्थ गेले ते तोंड वाकडं करून. आमच्या लोकांत सरांना खडूस म्हणत ते यासाठीच. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आपला माणूस, आणि उपयोग शून्य.

त्याला कारण होतं. तरुणपणी तिकडं भारतात एका हॉस्पिटलच्या नेमणुकीच्या यादीत सरांचं नाव पहिलं होतं आणि कुणाच्या तरी भाच्यासाठी वरून शब्द आला. सरांना ती जागा मिळाली नाही. ते हे कधी सांगत नसत, मला अक्कानं सांगितलं. तेव्हापासून शब्द टाकणाऱ्याची त्यांना जन्माची चीड. आपल्या माणसासाठी बोलायचं नाही म्हणजे नाही. "माझाच गुडघा बघ," अक्का मला म्हणाली, "बदलायच्या नंबराची वाट बघत वर्षभर लंगडले. भाऊ ह्याच खात्यात. एक दिवससुद्धा पुढं सरकवलं नाही त्यानं मला." कोणी पदक दाखवावं तसं सांगत होती. आजूबाजूच्या बायकांनी ऐकावं म्हणून जरा मोठ्यानंच.

घरी गेले एकदा तिच्या. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, भाड्याचं चिंचोळं घर, खाली दोन खोल्या, न्हाणीघर वर, मागं चार वाफे मेथीचे. ऐंशी ओलांडली तरी जिना धडाधड चढे. मी आपलं बोलून गेले की अक्का, आता एकटं राहू नका, आजकाल चांगली केअर होम्स आहेत. तर माझ्यावर उखडली. "मला नको सांगूस. मी तिथली माणसं पाहिलीत. पाच वाजता जेवायला देतात आणि सात वाजता झोपवतात. बोलायचं कोणाशी, भिंतीशी? मी ह्याच घरात मरणार. तेवढं एकच मागणं आहे माझं." मी विषय बदलला.

ऑक्टोबरात एका सकाळी ती कचऱ्याची बिन रस्त्यावर काढायला गेली. ओली पानं होती. पाय सरकला, डावी मांडी मोडली, बरोबर नव्या गुडघ्याच्या वर.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला अनुजानं एक्स-रे लावला आणि नेहमीसारखं वय, नाव वाचायला सुरुवात केली. आडनाव वाचताच थांबली. "सर, ही तुमचा सिस्टर आहे?" मराठीतच विचारलं, गोंधळून.

सर स्क्रीनकडे निघाले नाहीत. बोटं मोजली नाहीत. इंग्रजीत म्हणाले, "त्या माझ्या मोठ्या बहीण आहेत. मी बाहेर थांबतो."

"थांबायला हरकत नाही, सिद्धार्थ," मिस्टर हार्ग्रीव्ह म्हणाले.

"नाही. ते बरोबर होणार नाही." आणि दार ओढून घेऊन गेले.

दाराला काचेची उभी पट्टी आहे. त्यातून त्यांचा अर्धा खांदा आणि टायची गाठ दिसत होती. आत सगळं नेहमीसारखं चाललं. मिस्टर हार्ग्रीव्ह म्हणाले, प्लेट, आजच, शेल्फवरची लांबी पुरेल. लांब प्लेट आणि रॉड मागवायचा तर उद्यावर जातं, थिएटरची जागा जाते, आणि वयस्कर माणसाला उगाच ताटकळत ठेवू नये असा वरून आग्रह असतो. त्यांचं काही खोटं नव्हतं. नेमकं याच ठिकाणी रोज दारातून आवाज यायचा. सवयीनं सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, मिस्टर हार्ग्रीव्ह यांनीसुद्धा. माझा हात फोनवर होता. मग पुढच्या पेशंटचा एक्स-रे लागला.

मी धावत बाहेर गेले. "सर, शेल्फवरची लावतायत. मी सांगू का? अजून वेळ आहे. मी कंपनीला फोन करते, मीच आगाऊपणा केला म्हणून सांगेन."

"नको, ताई. तुम्ही सांगितलंत म्हणजे मीच सांगितलं."

"अहो पण परवा त्या स्कॉटिश बाईंसाठी तुम्ही अर्धा तास भांडलात."

"त्या माझ्या कोणी नव्हत्या," सर म्हणाले.

मी गप्प बसले. आयुष्यात जिथं तिथं तोंड घालणारी मी, तिथं गप्प बसले. सरांचा मान राखला असं तेव्हा वाटलं. आता काय वाटतं ते विचारू नका.

ऑपरेशन झालं. पुढच्या सकाळी एक्स-रे लागला तेव्हा सर पुन्हा बाहेर. प्लेट चकचकीत, एकूण एक भोक भरलेलं, हाडाच्या आतल्या बाजूला चुऱ्याची काळी फट तशीच. अनुजानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्या दिवशी सरांची यादी मी मुद्दाम आधी उचलली. अक्काच्या नावापुढं काहीच लिहिलं नव्हतं. मी वेडी, मला बरं वाटलं.

कौन्सिलनं अक्काचा पलंग खाली पुढच्या खोलीत लावून दिला, बाजूला कमोड, दिवसातून चार वेळा मदतनीस बाई. सोशल वर्करनं सांगून ठेवलं होतं, पलंगावरून एकटीला उठता-बसता आलं नाही तर ही व्यवस्था फार दिवस चालणार नाही, मग केअर होमच. अक्का कंबर कसून व्यायाम करी. डाव्या पायावर वजन टाकायचं नाही म्हटलं होतं, तिनं टाकलं नसेल असं मी म्हणत नाही. ऐंशीच्या पुढच्या माणसाला एका पायावर कसं जमणार. सर सकाळ-संध्याकाळ जात. तिचं अंग पुसून देत, वेणी घालून देत.

सहा आठवड्यांनी एक्स-रे, बारा आठवड्यांनी एक्स-रे. दुसऱ्या वेळी तिला मी घेऊन गेले होते, सर बाहेरच्या बाकावर. मला एक्स-रे वाचता येत नाही, पण इतक्या वर्षांत एवढं कळतं की जुळणाऱ्या हाडाभोवती ढगासारखं धूसर काहीतरी दिसायला लागतं. इथं काही नव्हतं. पहिल्या दिवशीसारखाच स्वच्छ. मिस्टर हार्ग्रीव्ह म्हणाले, वयामुळे वेळ लागतोय, अजून दोन महिने बघू. मी बाहेर येऊन सरांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आता तरी आत जा. आता तरी बोला. अजून तुटली नाहीय."

सर बुटांकडे बघत म्हणाले, "आता बोललो तर ते विचारतील, हे तुम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं का."

"विचारू दे की."

"आणि अक्काही विचारेल."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ऑक्टोबरातलं तत्त्व होतं, ते मी कबूल करते. पण हे तत्त्व नव्हतं, ही भीती होती. तीस पेशंटसाठी भर मीटिंगमध्ये भांडणारा माणूस आपल्या बहिणीच्या एका प्रश्नाला भिऊन बाकावर बसून होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासा वाटला. मी दोन्हीतलं काहीच दाखवलं नाही. अक्काची व्हीलचेअर ढकलत टॅक्सीकडे गेले.

प्लेट तुटली तेव्हा सर तिथंच होते. सकाळची वेळ, ड्यूटीवर जाण्याआधी. कमोडवरून उठताना तिनं त्यांच्या दोन्ही हातांत हात दिले होते. दुसऱ्या दिवशी मीटिंग सुटल्यावर ते रिकाम्या खोलीत एका खुर्चीत बसले. मी त्यांना तिथं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "ताई, एवढी वर्षं नुसते एक्स-रे पाहिले. आवाज कधी ऐकला नव्हता. मोठा नसतो. कपाटाचं दार लागल्यासारखा. ती म्हणाली, काय रे पडलं? मी म्हटलं, काही नाही."

मांडीचं खालचं निम्मं हाड काढून टाकून त्या जागी नवा धातू बसवावा लागला. ते मिस्टर हार्ग्रीव्ह यांनी फार काळजीनं केलं, सात आठ दिवस रोज स्वतः येऊन बघत होते. पण अक्काची छाती भरली, मग जखम चिघळली, मग पाठीला फोड आले. मार्चपर्यंत वॉर्डात होती. वाचली. पाय राहिला, पण त्या पायानं तिला धरलं नाही, उठवायला-बसवायला दोन माणसं लागत. सोशल वर्करनं कागद आणले, सरांनी सही केली, आणि चिंचोळ्या घराच्या किल्ल्या कौन्सिलला परत गेल्या. सरांनी त्याच महिन्यात निवृत्ती घेतली. केक नको म्हणाले. आम्ही आणलाच, तर तो त्यांनी वॉर्डात वाटला आणि मागच्या जिन्यानं निघून गेले.

मीटिंगमध्ये अजूनही तसा एक्स-रे लागला की लोक दाराकडे बघतात. अनुजा हल्ली विचारते, घरी कोण असतं. तिचा आवाज बारीक आहे. निम्म्या वेळा ऐकलं जातं, निम्म्या वेळा नाही.

मे महिन्यात एका रविवारी मी केअर होमला गेले. शहराच्या कडेला आहे, बरं आहे, स्वच्छ आहे, कार्पेटला कसलासा गोडसर वास. जेवणाची वेळ होत आली होती, म्हणजे साडेचार. अक्का खिडकीशी खुर्चीत, केस कोणीतरी बॉबकट करून टाकलेले. सर शेजारी स्टुलावर. तिनं मला ओळखलं, पण कोणाशी फार न बोलल्यामुळे तिचा आवाज घोगरा झाला होता. थोडं इकडचं तिकडचं झालं. मेथीचं विचारलं तिनं. मी म्हटलं, छान आहे अक्का, उगाचच म्हटलं.

मग ती सरांकडे वळली. माझ्यासमोरच. बहुधा कितीतरी दिवस धरून ठेवलेलं असावं, कोणीतरी साक्षीला लागत असावं.

"सिद्धा, ती पट्टी टिकणार नाही हे तुला ठाऊक होतं ना रे?"

सर म्हणाले, "हो, अक्का."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"दुसऱ्या कुणाचा पाय असता तर बोलला असतास?"

"बोललो असतो."

अक्का खिडकीतून बघत राहिली. कार पार्कमध्ये कोणी बाई पोरांना गाडीत बसवत होती. रागावली नव्हती ती, तेच वाईट होतं. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखी हळू म्हणाली, "मग मीच तुझं काय वाकडं केलं होतं?"

तिचा डाव्या पायातला मोजा घसरून टाचेखाली आला होता. ते स्टुलावरून उतरून खाली कार्पेटवर बसले, तो पाय उचलून मांडीवर घेतला आणि मोजा वर चढवू लागले. मला तिथं उभं राहवेना. मी कोट घेतला, येते म्हणाले, कोणी ऐकलं की नाही माहीत नाही. दारातून वळून पाहिलं तेव्हा मोजा घालून झाला होता, तरी सर तिचा पाय तसाच मांडीवर धरून खाली बसले होते.